खळ्यात गाडीची सर्व्हिसिंग: थंड इंजिनची कामं आधी, ऑइल शेवटी

मे महिना लागला की ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. "बोल्ट फिरतोय, पण आवळत नाही." "फिल्टर नवा बसवला तरी तेल गळतंय." "रेडिएटरचं झाकण उघडलं नि मनगट भाजलं." घरी गाडीचं काम करायला घेतलेली ही सगळी हुशार माणसं, आणि पाना धरता येत नाही असं त्यांच्यात कोणी नाही. खोदून विचारलं की बहुतेक वेळा क्रम चुकलेला निघतो. ऑइल पातळ होऊन नीट निथळावं म्हणून ते आधी इंजिन तापवतात. ऑइल निथळायला लावतात आणि "तोवर बाकीचं उरकू" म्हणत त्याच तापलेल्या इंजिनवर कूलंट, प्लग, बॅटरी सगळ्याला हात घालतात.

खरा क्रम याच्या उलट आहे. कूलंट, प्लग, एअर फिल्टर, बॅटरी ही कामं रात्रभर उभ्या असलेल्या थंड इंजिनवर सकाळी करायची. ती संपली की इंजिन एकदा चालू करायचं, कोमट होऊ द्यायचं आणि मग ऑइल काढायचं. पुढचे टप्पे याच क्रमाने दिले आहेत. मधला टप्पा तुमच्या गाडीला लागू नसेल तर सोडा, पण टप्प्यांची अदलाबदल करू नका.

काही कामं घरी करूच नयेत. टायमिंग बेल्ट, एसीचा गॅस, सीएनजीची कुठलीही नळी, आणि डिझेल गाडीतल्या इंजेक्टरला जाणाऱ्या लोखंडी नळ्या. कॉमन रेल डिझेलच्या त्या नळ्यांत हजार बारच्या वर दाब असतो. तिथून उडालेली बारीक धार कातडीच्या आत शिरते. गाडी वॉरंटीत असेल तर घरी काम केल्याने काय बिघडतं ते आधी वॉरंटीच्या अटींत वाचा.

१. दिवस ठरवा

गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत सर्व्हिसिंगचा आकडा "इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते" असा असतो. लोक किलोमीटर बघतात आणि महिने विसरतात. आपल्याकडे, कोकणात तर महिनेच बघायला हवेत. वाडीतून बाजारात, बाजारातून घरी, कधी स्टेशनवर पाहुणे आणायला, अशा पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते, त्यातली थोडी ऑइलमध्ये उतरते. लांबच्या प्रवासात ती उडून जाते, छोट्या फेऱ्यांत तशीच राहते. त्यात आपली दमट हवा. वर्षाला तीन हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचंही ऑइल वर्षाने बदला.

माझा हिशोब सोपा आहे. मृगाच्या आधी, म्हणजे मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पूर्ण फेरी. दसऱ्यानंतर पाऊस गेला की फक्त थंड कामांची फेरी. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मात्र पान्याला हात लावू नका. पाच रुपयांचा वॉशर कमी पडला तर दुकानं बंद आणि दारात पाहुणे, अशी गत होते.

२. सामान आधी हाताशी

नवं ऑइल, नवा ऑइल फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा नवा वॉशर (गॅरेजवाले त्याला वायसर म्हणतात) या तिन्ही वस्तू समोर असल्याशिवाय जुनं ऑइल काढायचं नाही. ऑइल काढल्यावर फिल्टर चुकीचा निघाला, तर तो बदलून आणायला जायचं कशाने?

ऑइलची ग्रेड पुस्तिकेतून घ्या, दुकानदाराच्या किंवा शेजाऱ्याच्या सल्ल्याने नको. ०डब्ल्यू-२० (पातळ ऑइल) सांगितलेल्या नव्या पेट्रोल गाडीत "आपल्याकडे उकाडा आहे, जाड घाल" म्हणून २०डब्ल्यू-५० ओतणारे मी पाहिलेत. जाड ऑइल बारीक वाटांतून पोचायला उशीर लावतं. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीत धुरासाठी फिल्टर असेल, तर त्याला कमी राख सोडणारं ऑइल लागतं. डब्यावरचं मानक आणि पुस्तिकेतलं मानक अक्षर न् अक्षर जुळवून बघा. फिल्टर घेताना जुन्याचा नंबर लिहून न्या. दिसायला सारख्या दोन फिल्टरांचे आटे वेगळे असू शकतात.

बाकीचं सामान: योग्य मापाचा रिंग पाना किंवा सॉकेट, फिल्टर काढायचा पाना, प्लगचा सॉकेट, साधा मल्टिमीटर, नरसाळं, सहा-सात लिटर मावेल असं घमेलं, टॉर्च किंवा डोक्याला लावायचा दिवा, रबरी हातमोजे, चष्मा, भरपूर सुती फडकी. बोल्टला उघड्या तोंडाचा पाना किंवा पक्कड लावू नका, डोक्याच्या कडा झिजतात. टॉर्क पाना (किती जोराने आवळतोय ते दाखवणारा) मिळाला तर उत्तम. तालुक्याच्या गावात तो उसना मिळतो.

३. जागा आणि जॅक

यात चूक झाली तर गाडी अंगावर येते, म्हणून हा टप्पा जरा सविस्तर.

सारवलेलं खळं दिसायला सपाट असलं तरी जॅकखाली दबतं. जांभ्याच्या फरशीवरही जॅकचा सगळा भार एका बिंदूवर येतो. जॅकखाली फूटभर रुंद, जाड फळी घाला. डिकीतला कात्री-जॅक फक्त चाक बदलण्यासाठी आहे, त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही. चाकांचा हायड्रॉलिक जॅक आणि दोन लोखंडी जॅक स्टँड हवेत, नाहीतर पुढची चाकं चढवायला मजबूत रॅम्प हवेत. गाडी उंच असेल तर न उचलताच खाली हात पोचतो. मग उचलूच नका.

सावध: गाडीखाली टेकू म्हणून चिरा (जांभ्याचा कापीव दगड) ठेवू नका. एक नाही, दोन नाही, एकावर एक रचून तर मुळीच नाही. घराच्या भिंतीत चिऱ्यावर भार सगळीकडून पसरून येतो. गाडीचा भार एका कडेवर येतो, आणि सच्छिद्र जांभा कसलीही सूचना न देता फुटतो. हॉलो ब्लॉकही असाच फुटतो. चाकाला अटकाव म्हणून चिरा चालेल, पण तो ढिगातून काढताना आधी काठीने हलवा. चिऱ्यांच्या सांदीत फुरसं बसलेलं असू शकतं, आणि ते मातीच्याच रंगाचं असतं.

माडाखाली गाडी लावून काम करू नका. याचं कारण कोकणात सांगायला नको.

क्रम असा: सपाट जागा, हँडब्रेक, गाडी पहिल्या गिअरमध्ये (ऑटोमॅटिक असेल तर 'पी' म्हणजे पार्कवर), मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अटकाव, मग पुढून जॅक. उचलायच्या आणि टेकवायच्या जागा पुस्तिकेत दाखवलेल्या असतात. स्टँड लावल्यावर जॅक थोडा उतरवून भार स्टँडवर घ्या. खाली शिरण्याआधी गाडी हाताने जोरात हलवून बघा. हलायची असेल तर ती आत्ता हलू दे. आणि खाली असाल तेव्हा घरातलं कोणीतरी हाकेच्या अंतरावर असू दे.

गाडी ऑइलसाठी उचलायची आहे, म्हणजे नवव्या टप्प्यात. त्याआधीची सगळी कामं चारही चाकं जमिनीवर ठेवून करायची.

४. बॉनेट उघडा आणि पाच मिनिटं नुसतं बघा

हात लावण्याआधी फोटो काढा. कुठली नळी कुठे, कुठला क्लिप कसा, हे दुपारी आठवत नाही. चावी गाडीपासून लांब ठेवा. बऱ्याच गाड्यांचा रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो आणि इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो.

मग उंदीर शोधा. आपल्याकडे काथ्या आणि वाळलेलं गवत यांची घरटी एअर फिल्टरच्या डब्यात, बॅटरीच्या खाली, इंजिनच्या आवरणाखाली सापडतात. भाताची कापणी झाली की उंदीर शेतातून घराकडे सरकतात आणि कोपऱ्यात उभी गाडी त्यांना आवडते. लेंड्या, कुरतडलेली वायर, फोमचा चुरा दिसला तर इंजिन सुरू करू नका. सोललेली तांब्याची तार बॉडीला टेकली तर फ्यूज उडेल किंवा वायरिंग पेटेल. कुरतडलेली वायर नुसती टेपने गुंडाळून चालत नाही. दमट हवेत आतलं तांबं हिरवं पडतं. ती जोडून, सोल्डर करून, वर श्रिंक नळी चढवून घ्या किंवा वायरमनकडे द्या.

बॅटरीच्या ऋण टोकाकडून बॉडीला आणि इंजिनकडून बॉडीला जाणाऱ्या जाड अर्थच्या पट्ट्या शोधा. खारं वारं यांनाच आधी खातं. गाडी कधी सुरू होते, कधी नुसती टकटक करते, दिवे मंद लागतात, अशा तक्रारीवर लोक नवी बॅटरी आणतात आणि दोष या पट्टीच्या गंजलेल्या बोल्टमध्ये असतो. ऋण टोक सोडवलेलं असताना पॉलिश पेपरने ती जागा लखलखीत करा, बोल्ट आवळा, वर पेट्रोलियम जेली लावा. ऋण टोक पुढच्याच टप्प्यात सुटतं, तेव्हा हे काम तिथे जोडून घ्या.

५. बॅटरी

सकाळी, रात्रभर गाडी बंद असताना मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. नंतर इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवा. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर (इंजिनवर चालून वीज बनवणारं यंत्र) तो गरजेप्रमाणे कमीजास्त करतो, तिथे आकडा थोडा हलेल.

टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी असेल तर आधी ऋण, मग धन सोडवा. लावताना आधी धन, मग ऋण. हा क्रम पाठच करा. ऋण जोडलेलं असताना धन सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर पाना तिथेच चिकटतो आणि ठिणग्या उडतात. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेणारा असतो, म्हणून जवळपास विडी-काडी नको.

कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने भुकटी धुवा. उकळतं पाणी ओतू नका. सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत जाता कामा नये. कोरडं करा, क्लॅम्प बसवा, आवळा आणि जेली त्यानंतर वरून लावा, मध्ये नाही. खोबरेल लावणारे खूप आहेत. ते उन्हात पातळ होऊन वाहून जातं आणि टोक परत उघडं पडतं. पाण्याच्या झाकणांची बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. विहिरीचं पाणी कितीही गोड असलं तरी त्यात क्षार असतात.

मुंबईकरांची गाडी गावाला महिनोन्महिने उभी असेल, तर "दर रविवारी पाच मिनिटं चालू करून बंद कर" असं घरच्यांना सांगून ठेवतात. त्याने तोटाच होतो. सुरू करताना गेलेली वीज पाच मिनिटांत परत भरत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. आठवड्यातून एकदा अर्धा तास रस्त्यावर फिरवा, नाहीतर ऋण टोक सोडवून ठेवा. पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या पेट्रोल गाडीची टाकी भरलेली ठेवा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं, आणि टाकीत हवा जितकी कमी तितकं पाणी कमी.

६. एअर फिल्टर

लाल धुळीच्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीत हा फिल्टर पुस्तिकेत लिहिलंय त्याच्या आधी भरतो. क्लिप सोडा, फिल्टर सरळ वर उचला, हलवू नका, नाहीतर धूळ आतल्या बाजूला पडते. आतल्या बाजूला टॉर्च धरा. उजेड बाहेर दिसत नसेल तर नवा घाला. दिसत असेल तर आतून बाहेर, लांबून, हलकी हवा मारा. पंक्चरवाल्याकडची हवा टेकवून मारली तर कागद फाटतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या भोकातून जांभ्याची पूड थेट सिलिंडरात जाते. कागदी फिल्टर धुवायचा नाही, त्याला तेल लावायचं नाही.

डब्याचा तळ ओल्या फडक्याने पुसून कोरडा करा. इंजिनकडे जाणाऱ्या नळीचं तोंड तेवढा वेळ स्वच्छ फडक्याने झाका आणि ते फडकं नंतर काढा. हसू नका, हे विसरतं.

तपासा: फिल्टरची रबरी कड सगळीकडून खाचेत बसली आहे का, सगळे क्लिप लागलेत का. एक क्लिप अर्धवट राहिला तर फिल्टर असून नसल्यासारखा.

७. कूलंट

इंजिन थंड आहे म्हणूनच आत्ता हे उघडतोय. तापलेलं असताना आतलं पाणी दाबाखाली असतं, शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो आणि सगळं एकदम उसळतं. फोनवरचं ते भाजलेलं मनगट यातलंच.

अर्धपारदर्शक टाकीवर खालची आणि वरची अशा दोन खुणा असतात. पातळी त्यांच्यामध्ये हवी. कमी असेल तर पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचंच कूलंट घाला. हिरवं, गुलाबी, निळं या रंगांवर जाऊ नका. एकाच रंगाच्या दोन कूलंटांची रसायनं वेगळी असू शकतात आणि मिसळली की गाळ होतो. डब्यावर "तयार मिश्रण" लिहिलं असेल तर पाणी घालायचं नाही. घट्ट प्रकार असेल तर बहुधा निम्मं डिस्टिल्ड वॉटर.

"इथे कुठे बर्फ पडतोय, साधं पाणी चालतं" हे वाक्य मी आंबोलीच्या चढावर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या माणसाकडून ऐकलंय. कूलंट पाण्याचा उकळबिंदू वाढवतं आणि आतल्या ॲल्युमिनियमला गंजू देत नाही. साधं पाणी यातलं काहीच करत नाही. वर विहिरीचे क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात आणि त्याचा परिणाम घाट चढतानाच कळतो.

पूर्ण कूलंट बदलणं मी घरी करत नाही. आत हवेचा बुडबुडा राहिला तर तापमानाचा काटा नीट दिसतो आणि हेड (सिलिंडरवरचा इंजिनचा भाग) तापतं. तुम्हीही पातळी भरण्यापर्यंतच थांबा. दर महिन्याला पातळी उतरत असेल तर भरत बसू नका, गळती शोधा. रेडिएटरखाली, वॉटर पंपाखाली रंगीत सुकलेले डाग दिसतात. बाहेर काहीच नसेल आणि सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल, तर मेकॅनिक गाठा.

८. प्लग, डिझेलचं पाणी, बेल्ट

पेट्रोल गाडीचे प्लग किती किलोमीटरला बदलायचे ते पुस्तिका सांगेल. साधे प्लग लवकर जातात, इरिडियमचे कितीतरी जास्त टिकतात. काढायच्या आधी प्लगच्या विहिरीतली धूळ फुंकून टाका, नाहीतर प्लग निघताच ती सिलिंडरात पडेल. एका वेळी एकच कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी), एकच प्लग. कॉइलच्या कनेक्टरची जीभ उष्णतेने ठिसूळ झालेली असते, स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका. नवा प्लग पहिले काही फेरे हातानेच फिरवा. सॉकेट जवळ नेऊ नका. प्लगच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा अडकवून फिरवला तर आटे वाकडे लागताच नळी घसरते आणि आपल्याला कळतं. हाताने टेकल्यावर, वॉशर असलेला नवा प्लग साधारण अर्धा फेरा आवळायचा. हेड ॲल्युमिनियमचं असतं, ताकद दाखवायची जागा ही नव्हे.

जुन्या प्लगचं टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे छोट्या फेऱ्या किंवा भरलेला एअर फिल्टर. ओला तेलकटपणा म्हणजे ऑइल वर येतंय.

डिझेल गाडीत फिल्टरच्या बुडाला पाणी सोडायचा स्क्रू असतो. चावी बंद ठेवून खाली काचेची बाटली धरा, स्क्रू ढिला करा, स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडा. बाटली दहा मिनिटं ठेवली की पाणी तळाशी दिसतं. पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर हे नक्की करा. स्क्रू हातानेच आवळा. फिल्टरवर हातपंप असेल तर तो कडक लागेपर्यंत दाबा.

बेल्ट वाकवून आतली बाजू बघा. भेगा, चकाकी, सुटलेले धागे दिसले तर बदलायची वेळ झाली. पावसाळ्यातल्या सकाळी थोडी चीं-चीं होऊन थांबत असेल तर ओल. न थांबणारी चीं-चीं म्हणजे ढिला बेल्ट किंवा जड झालेली पुली. बेल्टवर पावडर, साबण, मेण काहीही फासू नका.

आता सगळं जागेवर आहे का बघा. हत्यारं मोजा. चार पाने आणले असतील तर चार बाहेर दिसायला हवेत. मग इंजिन चालू करा. आवाज नीट असेल, कुठली खूण पेटून राहिली नसेल, तरच पुढे. खालचं ऑइल काढण्याआधी वरची कामं बरोबर झाली का ते इथेच कळतं. नंतर बिघाड निघाला तर तो प्लगचा की ऑइलचा, हे शोधत बसावं लागतं.

९. ऑइल आणि फिल्टर

इंजिन पाच-सात मिनिटं चालवून बंद करा. ऑइल कोमट हवं. लांबून गाडी आणून लगेच बोल्ट काढला तर हात पोळतो. आता तिसऱ्या टप्प्यातल्या क्रमाने गाडी उचला.

वर ऑइलचं झाकण उघडून तिथेच ठेवा, म्हणजे तेल वेगाने निथळतं. झाकणाच्या आत दुधी मलई दिसली की लोक घाबरतात. छोट्या फेऱ्यांच्या गाडीत, दमट हवेत, ती बहुधा साठलेली वाफ असते. पातळी मोजायच्या दांडीवरचं ऑइलही चहासारखं दुधी असेल तर मात्र कूलंट ऑइलमध्ये मिसळतंय, काम थांबवा.

ड्रेन बोल्ट नक्की इंजिनचाच आहे ना? गिअरबॉक्सचा बोल्ट फार लांब नसतो, आणि गिअर ऑइल रिकामं करून वर इंजिनमध्ये नवं ऑइल ओतल्याचे प्रकार घडतात. मग इंजिनमध्ये दुप्पट आणि गिअरबॉक्समध्ये शून्य. इंजिनचा बोल्ट इंजिनच्या थेट खाली, ऑइल साठवणाऱ्या परातीसारख्या भागाला, म्हणजे सम्पला असतो.

दिशा चुकू नका. उताणे पडून वर बघताना डावं-उजवं उलटतं. बोल्टच्या डोक्याकडे तोंड करून घड्याळाच्या उलट फिरवा. शेवटचे फेरे बोटांनी, वर दाबून धरत द्या आणि एकदम बाजूला घ्या. पहिली धार सरळ खाली पडत नाही, लांब उडते, म्हणून घमेलं थोडं पुढे सरकवून ठेवा. पंधरा-वीस मिनिटं निथळू द्या. तेवढ्यात बोल्ट पुसून बघा. टोकाला चुंबक असेल तर त्यावरची बारीक काळी पेस्ट चालते, चमकणारे तुकडे चालत नाहीत.

नवा वॉशर घाला, बोल्ट हाताने लावा आणि पुस्तिकेतल्या टॉर्कने आवळा. टॉर्क पाना नसेल तर छोट्या पान्याने मनगटाच्या जोराने आवळा. लांब पाना घेऊन खांद्याचा जोर लावू नका. सम्प ॲल्युमिनियमचा असेल तर आटे निघतात, आणि "बोल्ट फिरतोय, पण आवळत नाही" हा फोन तिथूनच येतो.

सावध: वर ओतण्याआधी बोल्ट लागला आहे, हे हाताने तपासा. डोळ्यांनी नव्हे.

मग फिल्टर. घमेलं खाली सरकवा, फिल्टर सोडवा. तो काढल्यावर त्याच्या तोंडाची रबरी रिंग त्याच्याबरोबर आली का ते बघा. जुनी रिंग इंजिनलाच चिकटून राहते आणि तिच्यावर नवा फिल्टर नवी रिंग घेऊन बसतो. हातांना घट्ट लागतो. इंजिन चालू झालं, दाब वाढला की दोन रिंगा एकमेकींवरून सरकतात आणि अर्ध्या मिनिटात तेल बाहेर. हे मी स्वतः केलंय, आदल्याच दिवशी सारवलेल्या खळ्यात. आई दारात येऊन एवढंच म्हणाली, "खळां काय तुझ्या तेलान सारवूक ठेवलंय?" तेव्हापासून मी बसायची जागा बोटाने फिरवून, पुसून, मगच फिल्टर लावतो.

नव्या रिंगला बोटाने नवं ऑइल लावा. फिल्टर हाताने फिरवा, रिंग टेकली की पुढे साधारण पाऊण फेरा, तोही हातानेच. फिल्टरचा पाना काढायला असतो, लावायला नाही. काही गाड्यांत डब्याच्या आत कागदी फिल्टर येतो. तिथे झाकणावरचे सगळे ओ-रिंग नवे घाला आणि झाकण त्यावर छापलेल्या टॉर्कइतकंच आवळा.

आता ओता. पुस्तिकेतल्या मापाच्या पाव लिटर कमीच, नरसाळ्याने, सावकाश. झाकण लावा. गाडी खाली घेऊन सपाट उभी करा. रॅम्पवर बघितलेली दांडी खोटं बोलते. इंजिन चालू करा, ॲक्सिलरेटर दाबू नका. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. दहा सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद. विझला तर मिनिटभर चालू ठेवून वाकून बोल्ट आणि फिल्टरकडे बघा. बंद करा, दहा मिनिटं थांबा, दांडी पुसून घाला, परत काढा. पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ येईपर्यंत थोडं थोडं घाला.

वरच्या खुणेच्या पुढे "थोडं जास्त असलेलं बरं" हे पायसात चालतं, इंजिनमध्ये नाही. क्रँकशाफ्ट त्या तेलात घुसळत राहतो, फेस होतो, फेसाळ तेलाचा दाब पडतो आणि सीलमधून गळती सुरू होते. जास्त झालं असेल तर काढा.

१०. त्याच दिवशी आणि दुसऱ्या सकाळी

पाच-सहा किलोमीटरची फेरी मारा, परत सपाटावर पातळी बघा. रात्री इंजिनखाली मोठा पुठ्ठा अंथरा. सकाळी त्यावर एखादा थेंब असेल तर तो कुठल्या रेषेत पडलाय त्यावरून बोल्ट की फिल्टर ते कळतं. सम्पखालचं संरक्षक आवरण या तपासणीनंतरच लावा, नाहीतर गळती त्यातच साठते. तारीख, किलोमीटर आणि ऑइलची ग्रेड चिकटपट्टीवर लिहून बॉनेटच्या आत लावा. बिलं जपून ठेवा.

११. पावसात मधेच

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा दांडी आणि कूलंटची टाकी बघा. बीएस-६ डिझेल छोट्याच फेऱ्या मारत असेल तर ऑइलची पातळी वाढतेय का तेही बघा. गाडी धुराचा फिल्टर आतल्या आत जाळून साफ करते तेव्हा न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. इंजिनवर प्रेशरने पाणी मारून घेऊ नका, ओल्या फडक्याने पुसा. वाळूवर, खाऱ्या पाण्यात चाकं गेली असतील तर त्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा.

गाडी पाण्यात बुडाली किंवा पाण्यात बंद पडली तर चावी फिरवायची नाही, "एकदा बघू तर" म्हणूनही नाही. चिपळुणात २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तशा वेळी, पाणी ओसरल्यावर पहिला मोह तोच होतो. पाणी दाबलं जात नाही. ते सिलिंडरात असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. ऋण टोक सोडवा, दांडीवर आणि एअर फिल्टरच्या डब्यात पाणी आहे का बघा, फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी ओढून न्या.

१२. जुनं ऑइल

आपल्याकडे ते वाळवीसाठी वाशांना आणि कुंपणाच्या खुंटांना फासतात, उरलेलं माडाच्या आळ्यात किंवा गडग्यापलीकडे जातं. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात धरलंय. आपला जांभा पाणी झटकन खाली सोडतो, आणि खाली आपलीच विहीर असते. नव्या ऑइलच्या रिकाम्या डब्यात जुनं भरा, वर "जळकं ऑइल" असं ठळक लिहा, म्हणजे कोणी चुकून वापरणार नाही. जुना फिल्टर रात्रभर उलटा निथळू द्या. दोन्ही वस्तू अशा गॅरेजला द्या जिथे जुनं ऑइल पिंपात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रियावाल्याला देतात. तेलाची फडकी चुलीत घालू नका. ती गोळा करून कोंबूनही ठेवू नका, उन्हात एकेक सुटी वाळत घाला.